रविवारी विहिणीला डाळ?

रविवारी आमच्या गावात कोथिंबिरीची काडी मिळत नाही. सगळी दुकानं बंद. पेट्रोल पंप, स्टेशनवरचा एखादा स्टॉल आणि सकाळी काही तास बेकरी, एवढंच काय ते उघडं. रविवारच्या विश्रांतीला जर्मनीत थेट घटनेचंच संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं ते कलम आजच्या घटनेनं जसंच्या तसं ठेवून घेतलंय. त्या दिवशी भिंतीला ड्रिल मारायचं नाही, गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही, रिकाम्या बाटल्या कोपऱ्यावरच्या डब्यात टाकायला जायचं नाही, कारण काच फुटल्याचा आवाज होतो. नवी नवी आले तेव्हा या शांततेनं माझं डोकं उठायचं. पण आमच्याकडचं आठवड्यातलं मोठं जेवण याच बंद दिवशी होतं, आणि ते नवरा करतो. त्यामुळे हल्ली माझी तक्रार नाही.

मोठं जेवण म्हणजे दुपारचं. संध्याकाळी इथल्या घरोघरी पाव, चीज, काकडीचं लोणचं, असेल तर थोडं सॉसेज असा थंड मामला. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिनं ते सगळं मुकाट्यानं खाल्लं, हात धुतले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "आणि जेवायचं किती वाजता?"

आम्ही राहतो रॉयटलिंगेनजवळ, श्वेबिश आल्ब नावाच्या पठाराच्या पायथ्याशी. स्टुटगार्टपासून हे फार लांब नाही. ते स्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे, हे आईला सांगितलं तर म्हणाली, "मग लोकलला गर्दी का नाही?" नवरा याच भागातला, श्वेबियन. उरलेले जर्मन श्वेबियनांना चिकट म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण जेवणाच्या बाबतीत नाही. इथला रविवार म्हणजे गोमांसाचा रोस्ट, दाट रस्सा, हातानं केलेले श्पेत्स्ले, म्हणजे अंडं घातलेल्या पिठाच्या ओल्या शेवया, आणि बटाट्याचं सॅलड. जेवून उठलं की माणूस फिरायला जातो, कारण न जाऊन उपाय नसतो.

आता आई काही गोमांस खात नाही. मटण-कोंबडी चालते, अंडं चालतं, डुक्करही नाही. मागच्या सप्टेंबरात ती इथे असताना नवऱ्यानं तिच्यासाठी डाळ आणि श्पेत्स्ले करायचं ठरवलं. श्वेबियन माणसाला हा पदार्थ जीव की प्राण. बारीक मसूर, सोबत श्पेत्स्ले, वर झाइटन नावाची लांबट धुरावलेली सॉसेजं. सॉसेजं आईच्या ताटात नसतील एवढंच. मला बेत आवडला. सासूबाईंना अजिबात नाही. आमच्याकडे त्यांना सगळे ओमाच, म्हणजे आजीच म्हणतात, लेकीमुळे मीसुद्धा. त्यांचा फोन आला तो मला स्वयंपाकघराच्या दारातूनही ऐकू येत होता. रविवारी? डाळ? विहिणीला? डाळ शनिवारी करतात, घर झाडून दमल्यावर. सात समुद्र ओलांडून आलेल्या बाईपुढे डाळ ठेवायची म्हणजे लोक काय म्हणतील! आईला मी याचं भाषांतर करून सांगितलं तेव्हा ती मान डोलावत म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. मी तरी जावयाला पहिल्याच जेवणात पिठलं वाढेन का?"

मग मधला मार्ग निघाला. डाळ होईल, पण बटाट्याचं सॅलड आणि आलुबुखारचा केक ओमा घेऊन येतील. मान राहिला.

नवऱ्याच्या स्वयंपाकाची सुरुवात शनिवारी होते, यादीनं. फ्रीजवर चिकटवलेली यादी आईनं चष्मा लावून वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं जर्मन, कळले फक्त आकडे. "पाचशे, सहा, तीनशे, एक... हे वाणसामान आहे का डॉक्टरची चिठ्ठी?" पाचशे ग्रॅम पीठ, सहा अंडी. इथला जुना हिशेब असा की माणशी एक अंडं आणि एक पातेल्याचं. तीनशे ग्रॅम डाळ. एक जुडी रश्श्याच्या भाज्यांची: गाजर, लीक, सेलरीचा गड्डा, पार्सली, दोऱ्यानं बांधून मिळते. तो स्वतः जातो, स्वतः आणतो, स्वतः लावून ठेवतो. रविवारी सकाळी दहा वाजता तो ॲप्रन बांधतो आणि त्यानंतर स्वयंपाकघर त्याचं.

हे "त्याचं" मला पचायला वेळ लागला, कारण पुरुषाचा स्वयंपाक म्हणजे काय याची माझी कल्पना कऱ्हाडच्या घरात तयार झाली होती. आमचे काका आखाडात एकदा मटण करायचे. सकाळपासून काकू कांदे चिरायच्या, खोबरं भाजायच्या, वाटण वाटायच्या, मटण धुऊन हळद-मीठ लावून ठेवायच्या. अकराच्या सुमारास काका बाह्या सारून यायचे आणि फोडणी द्यायचे. मधेच "मीठ कुठंय?" अशी हाक. ते मटण पुढे वर्षभर "दादांच्या हातचं मटण" म्हणून गाजायचं. तळाला लागलेलं पातेलं राखेनं घासणाऱ्या काकूंचं नाव त्या कीर्तीत कुठेच नसायचं. काका प्रेमळ होते, मटणही खरंच चांगलं व्हायचं. पण तो स्वयंपाक नव्हता, तो मानाचा विडा होता.

नवरा मला "मीठ कुठंय" विचारत नाही. भाज्या तोच चिरतो आणि सालं तोच ओल्या कचऱ्यात टाकतो. एक पातेलं गॅसवरून उतरलं की दुसरं चढायच्या आत पहिलं धुऊन पालथं पडलेलं असतं. सुरुवातीला मला यात आपल्याला दूर ठेवल्यासारखं वाटायचं. दारात उभी राहून मी सुचवायची, लसूण घाल, जिरं घाल. तो शांतपणे म्हणायचा, सोमवारी तू घाल. (सोमवारी मी घालते. भरपूर.) त्याचं एक मला अजूनही पटत नाही, वेळ. जी डाळ मी कुकरला तीन शिट्ट्यांत उडवीन तिला तो दीड तास मंद आचेवर बसवतो आणि मधूनमधून दाणा चावून बघतो. कुकरमध्ये दाणा फुटतो म्हणे. फुटू दे की! आमटीत फुटलेलाच बरा लागतो.

आईची पंचाईत माझ्याहून मोठी होती. जावई राबतोय आणि आपण सोफ्यावर, हे तिच्यानं बघवेना. तीनदा उठली. एकदा पाणी प्यायला, एकदा "नुसतं बघते", एकदा तर सरळ विळी मागितली. जावईबापूंनी हात जोडून तिला परत बसवलं. नमस्कार तेवढा त्यांना उत्तम जमतो. चौथ्यांदा उठली तेव्हा तिला ओट्यावर डाळीची पिशवी दिसली. तिनं काही विचारलं नाही. कपाटातून मोठी पांढरी ताटली काढली, डाळ ओतली आणि जेवणाच्या टेबलाशी बसून निवडायला लागली.

डाळ निवडणाऱ्या आईचा हात मी लहानपणापासून बघत आलेय. एक मूठ कडेला ओढायची, बोटांच्या पेरांनी पसरायची, नजर एकदा फिरली की ती मूठ पलीकडे ढकलायची. बघते कधी आणि टिपते कधी ते कळतच नाही. हा मसूर आपल्या अख्ख्या मसुरापेक्षा बारीक, हिरवट-काळपट, अंगावर ठिपके असलेला. कऱ्हाड-कोल्हापूर रस्त्यावर ढाब्याढाब्यावर अख्खा मसूर आणि रोटी खाऊन वाढलेल्या घराला मसुराचं अप्रूप नाही, पण हा वाण आईला नवा होता. पाच मिनिटांत ताटलीच्या काठावर एक बारीक खडा आणि सहा-सात लांबट दाणे जमले. आईनं त्यातला एक दाताखाली धरला. "ओट आहे का जव? भेसळ करतात होय इथंपण?"

भेसळ नव्हती. मसुराचा वेल नाजूक, उभा राहत नाही, पावसानं जमिनीवर लोळतो आणि कुजतो. म्हणून त्याच्याबरोबर ओट किंवा जव पेरतात, मसूर त्याला धरून चढतो. कापणी एकत्र होते, मग चाळण्या लावून धान्य वेगळं करतात. त्यातून चुकून दोन-चार दाणे राहतात. मी हे समजावायला लागले तर आईनं मला मधेच थांबवलं. तिचं माहेर खटाव तालुक्यातलं. बाजरीत मटकी, बाजरीत तूर, हुलगा, हे तिला मी काय सांगणार? "म्हणजे मिश्रपीक," ती म्हणाली आणि तो ओटाचा दाणा बाजूला न टाकता डाळीत परत ढकलला.

या डाळीची गोष्ट नवरा प्रत्येक पाहुण्याला सांगतो. मला ती पाठ झालीय, तरी मी ऐकते. आल्ब म्हणजे चुनखडीचं पठार. माती उथळ आणि दगडधोंड्यांची. पाऊस पडतो पण पाणी टिकत नाही, खडकाच्या भेगांतून खाली निघून जातं. वर पठारावरच्या गावांना १८७० च्या दशकात पंप बसवून नळानं पाणी मिळेपर्यंत लोक डबक्यांत साठवलेलं पावसाचं पाणी वापरत. अशा जमिनीत मसूर तग धरतो, म्हणून तो इथल्या गरिबांचं अन्न झाला. युद्धानंतर बाहेरची स्वस्त डाळ आली. उतारा कमी, निवडण्याचे कष्ट फार, कोण पेरणार? १९५० आणि ६० च्या दशकांत आल्बवरून मसूर नाहीसाच झाला. श्वेबियन लोक आपला हा लाडका पदार्थ परदेशी डाळीनं करत राहिले.

१९८५ मध्ये लाउटराख गावच्या वोल्डेमार मामेल या शेतकऱ्यानं पुन्हा मसूर पेरायला घेतला. पण इथलं जुनं बियाणं कुठेच उरलं नव्हतं, त्यामुळे पेरलं ते फ्रान्सकडचं. जुने वाण, श्पेट नावाच्या पैदासकारानं तयार केलेले दोन, जर्मनीत शोध शोध शोधूनही मिळाले नाहीत. ते २००६ मध्ये सापडले सेंट पीटर्सबर्गमध्ये, वाविलोव इन्स्टिट्यूटच्या बियाण्यांच्या संग्रहात.

इथे आल्यावर नवरा हातातला चमचा खाली ठेवतो. कारण सेंट पीटर्सबर्ग म्हणजे तेव्हाचं लेनिनग्राड, आणि दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं त्या शहराला वेढा घालून ते उपाशी मारलं. १९४१ पासून १९४४ पर्यंत. या संस्थेतले लोक त्या वेढ्यात भुकेनं गेले, पण संग्रहातल्या तांदळाला, शेंगदाण्याला, धान्याला हात लावला नाही. ज्यांच्या नावानं संस्था आहे ते निकोलाय वाविलोव तेव्हा स्टालिनच्या तुरुंगात होते, १९४३ मध्ये सारातोवला तुरुंगातच वारले. जर्मनांनी उपाशी ठेवलेल्या शहरानं जर्मनांची हरवलेली डाळ परत दिली. आज ती आल्बवरचे शंभराहून जास्त शेतकरी पिकवतात.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फुकट दिली का पैसे घेतले?" नवऱ्यानं सांगितलं, थोडं थोडं बियाणं दिलं, ते इथे वाढवलं. आई म्हणाली, "मग देणाऱ्यांचं घर मोठं."

साडेअकराला ओमा आल्या. हातात सॅलडचं झाकलेलं भांडं, लेक मागून केकचा ट्रे सांभाळत. श्वेबियन सॅलडमध्ये मेयोनेज नसतं. बटाटे सालासकट उकडायचे, हात भाजत असतानाच सोलून पातळ चकत्या करायच्या आणि त्यावर गरम रस्सा, व्हिनेगर, मोहरीची पेस्ट, शेवटी तेल. नीट झालं असेल तर ढवळताना पचक्‌पचक् आवाज यायला हवा. रस्सा एरवी गोमांसाचा असतो. ओमांनी दारातच मला बोट उंचावून सांगितलं, भाज्यांचा आहे, तुझ्या आईला सांग.

त्यांनी टेबलावरची ताटली बघितली, आईचा हात बघितला, आणि कोट काढायच्या आधीच खुर्ची ओढून दुसऱ्या बाजूनं निवडायला बसल्या. लहानपणी हिवाळ्यात संध्याकाळी हेच काम असायचं, घरातल्या सगळ्या पोरांना. वडिलांची मसुराची एक पट्टी होती, दगडांचीच जास्त. आता तोच मसूर सुपरमार्केटच्या डाळीच्या कितीतरी पट भावानं विकतात आणि त्यांचा मुलगा हौसेनं घेतो. त्यांच्या मते हा शुद्ध वेडेपणा. हे सगळं माझी लेक दोन्हीकडे पोचवत होती, तिच्या दहा वर्षांच्या मराठीत, जिथे ओमासुद्धा "ती म्हणाला" होतात.

मग आईनं ७२ च्या दुष्काळाचं काढलं. तिची आई खडी फोडायला जायची, ही बरोबर. खायला सरकारी दुकानातली लाल मिलो ज्वारी, तिची भाकरी धड थापली जायची नाही, आणि कामावर मिळणारी सुकडी. ओमांनी युद्धानंतरची वर्षं सांगितली. वडील उशिरा परतले होते, रविवारी ताटात मांस असलं तर तो रविवार. त्यांची विहिणीला डाळ वाढायला एवढी का ना होती ते मला तेव्हा समजलं. आईला बहुधा फोनच्या दिवशीच समजलं होतं. दोघींना एकमेकींची दया वगैरे आली नाही. उलट कुणाचं जास्त वाईट होतं यावर थोडी चढाओढच लागली, आणि लेक कंटाळून बाबाकडे पळाली.

तिकडे डाळ आटत आली होती. नवऱ्यानं दुसऱ्या कढईत साजूक तुपासारखं कढवलेलं लोणी घेतलं आणि त्यात पीठ भाजायला सुरुवात केली. हे पीठ नुसतं तांबूस करून भागत नाही, चांगलं गडद तपकिरी व्हावं लागतं. वास आला तशी आई ताडकन उठली, "करपलं, करपलं!" ओमांनी तिचा दंड धरून तिला खाली बसवलं आणि श्वेबियनमध्ये काहीतरी म्हणाल्या. भाषांतर करायला कुणी नव्हतं, पण आई बसली. पीठ डाळीत गेलं, डाळ चुर्र आवाज करून दाट झाली. तमालपत्र, लवंग आधीच होतं. व्हिनेगर अगदी शेवटी, कारण आंबट आधी घातलं तर डाळ मऊ होत नाही. मग चिमूटभर साखर. आईनं चमच्यावर चाटून बघितलं. "आमटीच की! चिंचेच्या जागी व्हिनेगर, गुळाच्या जागी साखर. तिखटाच्या जागी काही नाही."

श्पेत्स्ले मात्र सगळ्यांनी उभं राहून बघितले. पीठ, अंडी, मीठ, पाणी एवढंच. पण ते मधे भोक असलेल्या लाकडी चमच्यानं, बुडबुडे येईस्तोवर फेटतात. नवऱ्याचा दंड त्या दिवशी दुखतो. मग मूठ असलेली, पुढच्या कडेला निमुळती होत गेलेली फळी उकळत्या पाण्यात बुडवून ओली करायची, तिच्यावर पिठाचा थर पसरायचा आणि फळी पातेल्यावर तिरकी धरून सुरीसारख्या पट्टीनं बारीक बारीक तुकडे थेट पाण्यात ढकलायचे. हात भराभर चालतो, टक टक टक. तुकडे तळाशी जातात, क्षणात तरंगून वर येतात, आणि आले की झाऱ्यानं काढायचे. कुठला जाड, कुठला बारीक, एकाला शेपूट, एकाला नाही. आईला खणात त्याचा साचाही सापडला होता. "हा सोऱ्या असताना हे खरवडत का बसलेत?" ओमांनी साच्याकडे असं बघितलं की लेकीला भाषांतर करावं लागलं नाही. साच्यातले सगळे एकसारखे, गुळगुळीत. त्यांच्यावर रस्सा ठरत नाही.

बरोबर दीडला जेवलो. आईनं पहिल्यांदा साधं खाल्लं, मग पर्समधून कांदा-लसूण मसाल्याची डबी काढली आणि वरून भुरभुरला. नवऱ्याच्या कपाळावर आठी आली. मी ती बघितली आणि डबी मागून घेतली. ओमांनी आधी नाही म्हटलं, मग काटा बुडवून चाखलं, दोन घोट पाणी प्यायल्या आणि स्वतःच्या ताटात व्हिनेगर वाढवून घेतलं. आईनं श्पेत्स्ले दुसऱ्यांदा मागून घेतले. बटाट्याच्या सॅलडला नावं ठेवली नाहीत पण फारसं खाल्लंही नाही. गार बटाटा तिला रुचत नाही. केकचे दोन तुकडे खाल्ले.

जेवणानंतर ती पुन्हा उठली, ताटं गोळा करायला. नवऱ्यानं ती तिच्या हातातून घेतली, धुण्याच्या यंत्रात लावली, लाकडी फळी मात्र हातानं घासून उभी करून ठेवली, ओटा पुसला, शेगडी पुसली, फडकं पिळून वाळत घातलं आणि मग कुठे ॲप्रन सोडला. आई सोफ्यावरून हे सगळं बघत होती. पदर तोंडाला लावून, म्हणजे काहीतरी साठवत होती.

ते काय ते रात्री कळलं. कऱ्हाडला मावशीला व्हिडिओ कॉल लावून तिनं पहिल्यापासून सांगायला घेतलं. मसूर, रशियातनं आलेलं बियाणं, फळीवरनं खरवडलेल्या ओल्या शेवया. "हो गं, त्यांनीच केलं सगळं. नाही, हिनं नाही. चिरलं पण त्यांनीच. अगं भांडीपण! शेगडी पुसली, फडकं धुतलं." पलीकडे मावशी गप्प. मग तिचा आवाज आला, मोबाईलमधून स्वच्छ, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा, "आणि मग ही काय करत होती?"

आईनं माझ्याकडे बघितलं. "ही? ही जेवत होती. मीपण."